आपल्या केसांचा स्वभाव
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



चिटणीसबाई मला या भाषणाचे आमंत्रण द्यायला आल्या, तेव्हा जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "बोला तुम्हांला काय बोलायचे ते, पण शेवटी एखादे तेल सांगा हं! बायका त्यासाठीच येणार आहेत." म्हणून आधीच सांगून टाकते, माझ्यापाशी जादूचे तेल नाही. एक कृती मात्र मी आणली आहे. ती शेवटी सांगेन, नाही तर निम्मी सभा ती लिहून घेऊन चहाच्या पातेल्याकडे वळायची!

आज मला बोलायचे आहे ते केस वाढवण्याविषयी नव्हे, तर ओळखण्याविषयी. स्वयंपाकघरात ही ओळख आपण न शिकवता करून घेतो. घरात नवा तांदूळ आला, की पहिल्या दिवशी पाणी बेताने घालतो, भात कसा होतो ते पाहतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या कलाने घेतो. भात गिचका झाला म्हणून कोणी तांदळाला नावे ठेवत बसत नाही. केसांच्या बाबतीत मात्र सगळ्या घराला एकच तेल, एकच फणी आणि एकच घट्ट वेणी. ज्या मुलीचे केस त्यात बसत नाहीत, तिचे केस वाईट!

अशा केसांना आपल्याकडे शब्द तरी किती आहेत! झिपऱ्या, राठ, पिंजारलेले, केरसुणी, सुगरणीचा खोपा. सात-आठ वर्षांची पोर पाटावर बसलेली असते, आई तळहातभर तेल थापून केस मागे असे ओढते की तिच्या डोळ्यांच्या कडा ताणल्या जातात, आणि वर म्हणते, "कुणावर गेली आहे कोण जाणे!" हे वाक्य जिने लहानपणी ऐकले नाही अशी कुरळ्या केसांची बाई मला अजून भेटायची आहे. गंमत अशी, की हीच आई देवघरातल्या बाळकृष्णाच्या कुरळ्या केसांचे कौतुक करते. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या राजस्त्रियांच्या कपाळावर कुरळ्या बटा रुळताना पाहून आपण माना डोलावतो. चित्रात शोभतात, घरात खपत नाहीत.

बाईच्या केसांवर चारचौघांनी हुकूम चालवायचा, ही खोड आपल्या समाजाला जुनीच आहे. आपल्या पणज्यांच्या काळी विधवेचे केशवपन होत असे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बंधूंनीच सभा भरवली आणि हे काम आपण करायचे नाही असे ठरवले. ती दुष्ट चाल गेली. पण मुलगी पाहायला आलेली मंडळी अजून चहा पिता पिता केसांवरून नजर फिरवतातच ना? असो.

आता थोडे शास्त्र. भिऊ नका, फार नाही. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. केसाचे जिवंत मूळ कातडीच्या आत असते. बाहेर जो लांबलचक दिसतो तो निर्जीव, नखांसारखाच. म्हणूनच कापला तर दुखत नाही, आणि एकदा बिघडला तर आपण होऊन बराही होत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने जिची वेणी कमरेपर्यंत आहे, तिच्या वेणीचे टोक पाच-सहा वर्षांपूर्वीचे आहे. इतक्या वर्षांचे ऊन, वारा, साबण आणि फणी त्याने सोसलेली असते. पाच वर्षे रोज वापरलेल्या लुगड्याचा पदर आपण किती जपून धुतो! टोकांना तसेच जपायला हवे.

केसाच्या अंगावर बारीक खवले असतात, आमच्या कोकणातल्या घरावरच्या कौलांसारखे, एकावर एक, तोंडे खाली करून बसवलेले. कौले नीट बसलेली असली की केस चमकतो आणि शेजारच्या केसात अडकत नाही. ती उचकटली की केस राठ लागतो, गुंततो आणि आतले सत्त्व धुपून जाते. उचकटायला काय पुरते म्हणाल? अंगाच्या साबणाने न्हाणे, टॉवेलने खसाखसा पुसणे, उलटी फणी मारणे आणि ती गरम लोखंडी यंत्रे.

सरळ केस कापून पाहिला तर बहुधा गोल असतो. कुरळा लंबगोल किंवा चपटा असतो, आणि त्याचे कातडीतले मूळच वाकडे असते. म्हणजे कुरळेपणा हा तेल कमी पडल्यामुळे झालेला रोग नव्हे, तो जन्मतःच मुळात आहे. डोक्याच्या कातडीतून जो स्निग्धपणा झिरपतो तो सरळ केसावरून घसरगुंडीसारखा टोकापर्यंत जातो, आणि कुरळ्या केसाच्या पहिल्या दोन वळणांतच अडकतो. म्हणून अशा बाईचे डोके तेलकट आणि टोके मात्र कोरडी ठणठणीत. ती दोष देते तेलाला नाही तर शाम्पूला.

तुमचे केस कोणत्या स्वभावाचे हे पाहायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. एखाद्या सुटीच्या दिवशी केस स्वच्छ धुवा, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने नुसते टिपा, आणि मग हात लावू नका. तेल नाही, फणी नाही, पंखा नाही. आपोआप वाळू द्या आणि मग आरशात बघा. काहींचे केस पडद्यासारखे सरळ पडतील. काहींच्या केसांना लाटा येतील. आणि कित्येकींना, ज्या आजवर आपले केस 'नुसते राठ' म्हणत आल्या, त्यांना मानेपाशी चांगली वेटोळी वळलेली दिसतील. ते केस राठ नव्हतेच, कुरळे होते. जन्मभर त्यांना सरळ केसांचे नियम लावले, म्हणून ते रागावून उभे राहिले होते. एकाच डोक्यावर पुढे एक तऱ्हा आणि मागे दुसरी, असेही असते बरे का!

आता फणीचा तंटा. पुष्कळ घरांत सध्या तो चालू आहे. सूनबाई न्हाऊन येतात, ओल्या केसांतच कंगवा फिरवतात आणि नंतर दोन दिवस विंचरतच नाहीत. सासूबाईंना ते बघवत नाही. "आमच्या वेळी ओल्या केसाला फणी लावली तर आजी हातावर मारायची!" भगिनींनो, यात दोघीही खऱ्या आहेत. ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि कमजोर असतो, म्हणून सरळ केस थोडे वाळल्यावर विंचरावेत हे आजीचे म्हणणे बरोबरच. पण कुरळे केस कोरडे असताना विंचरले तर वेटोळी सुटी होऊन फुगतात, एकमेकांत अडकतात आणि तुटतात. ते ओले असतानाच, पण कंडिशनर किंवा तसला काही बुळबुळीतपणा लावून, रुंद दातांच्या कंगव्याने सोडवावेत. सुरुवात टोकांपासून करून वर वर जावे. मुळापासून कंगवा ओढला की सगळ्या गाठी खाली एका जागी जमतात आणि मग ओरडा सुरू होतो. बारीक दातांची ती लाकडी फणी उवा-लिखांसाठी ठेवावी. त्या कामात तिचा हात धरणारे दुसरे काही नाही.

धुण्याविषयी फार सांगत नाही. धुवायचे असते ते डोके. लांबी त्या पाण्याने आपोआप निघते. शिकेकाई आणि रिठ्यात फेस येणारे द्रव्य असते, तेच मळ काढते. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट, म्हणून कौले मिटलेली राहतात. अंगाचा साबण त्याच्या उलट, आणि विहिरीचे पाणी जड असेल तर साबणाचा साका केसांत बसतो तो वेगळाच. मात्र शिकेकाईची भुकटी तशीच चोळू नका. रात्री भिजवून, सकाळी उकळून, फडक्यातून गाळून नुसते पाणी घ्या, नाही तर कुरळ्या केसांतून तो चोथा संध्याकाळपर्यंत झडत राहील. नोकरीच्या गडबडीत जिला हे जमत नाही तिने सौम्य शाम्पू खुशाल वापरावा. त्यात कमीपणा नाही.

खोबरेल तेलाच्या बाबतीत मात्र आपल्या आज्या जिंकल्या. २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल अशी तीन तेले केसांवर तपासून पाहिली. केसांतले प्रथिन धुपून जाणे थांबवले ते फक्त खोबरेलाने, कारण ते केसाच्या आत शिरते. बाकीची दोन वरच राहतात. धुण्याआधी तासभर लावले तरी पुरते. पण तेलाने नवे केस उगवतात किंवा कुरळे केस सरळ होतात, असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्या. आणि डोक्यात कोंडा झाला असेल तर तेल थापू नका. कोंड्याला कारण होणारी बुरशी त्या स्निग्धपणावरच पोसते.

आता थोडे कठीण बोलणार आहे, कारण लग्नसराई जवळ आली की आपल्या लेकी पार्लरात केस कायमचे सरळ करायला जातात. अशा काही औषधांत फॉर्माल्डिहाइड असते किंवा तापवल्यावर त्यांतून त्याचा वायू सुटतो. माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत त्याची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच केली आहे. आपली लेक तो वायू वर्षातून एकदा हुंगते. तिच्या मागे उभी असलेली पार्लरातली गरीब मुलगी रोज हुंगते. मग त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्लाची मलमे आली. ट्युनिशियातल्या २६ वर्षांच्या एका तरुणीने २०२० ते २०२२ या काळात तीनदा केस सरळ करून घेतले, आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. उलट्या, ताप, पाठदुखी. हे आम्ल कातडीतून शरीरात जाऊन मूत्रपिंडात खडे धरवते, असे उंदरांवर प्रयोग करून डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येकीला असे होईल असे मी म्हणत नाही. पण "त्यात फॉर्मालिन नाही हो" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. डबीवरची अक्षरे वाचा, वाचून दाखवायला सांगा, आणि डोके जळजळू लागले तर तत्काळ उठा. बाकी मुलगी मोठी आहे, केस तिचे आहेत. तिला माहिती द्या, टोमणा देऊ नका.

केस न ओळखण्याची सर्वांत मोठी किंमत कोणी मोजली असेल, तर ती जट आलेल्या बायकांनी. दाट, कुरळे केस आजारपणात किंवा कामाच्या रगाड्यात महिना-दोन महिने विंचरले गेले नाहीत, की रोजचे गळणारे केस बाहेर न पडता आतच अडकतात. घाम, धूळ, तेल यांनी ते चिकटतात, ओले होऊन वाळताना आवळतात, आणि कौलांचे खवले एकमेकांत रुततात. झाली जट. पहिल्या आठवड्यात ती तेल लावून बोटांनी सुटली असती. पण कोणीतरी म्हणते, "हे सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे आहे, कात्री लावाल तर घरावर कोप होईल." मग भीतीपोटी कोणी हात लावत नाही, वर हळद-कुंकू वाहतात, आणि जट वाढत जाते. तिच्या वजनाने मान दुखते, आत उवा होतात, धड झोपता येत नाही. एके काळी अशा कितीतरी मुली देवाला वाहिल्या गेल्या. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदाही झाला, तरी कायद्याने भीती जात नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या, पुण्याच्या नंदिनी जाधव यांच्यासारख्या, घरोघर जाऊन, सासूची, नवऱ्याची आणि त्या बाईचीही समजूत घालून जट कापतात. शेकडो बायका अशा मोकळ्या झाल्या आहेत. कात्री चालते ती काही मिनिटे, समजूत घालण्यात महिने जातात. आपल्या आळीत, कामाला येणाऱ्या बाईच्या डोक्यात, कोणाच्या गावाकडच्या नात्यात अशी गाठ दिसली, तर कुजबुजत बसू नका. खोबरेलाची बाटली घेऊन तिच्यापाशी जाऊन बसा.

केस गळतात ही तक्रार तर आता सभागृहात प्रत्येकीच्या ओठावर असेल. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणे हा क्रमच आहे. कुरळ्या केसांच्या बाईने तीन दिवसांनी विंचरले तर तीन दिवसांचे एकदम हातात येतात, आणि ती उगाच घाबरते. खरी लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा मोठा धक्का बसला, तर केस त्याच वेळी गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. त्यामुळे आपण कालच्या शाम्पूला दोष देतो आणि तीन महिन्यांपूर्वीचा टायफॉइड विसरतो. अशी गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. बाळंतिणीला हे कोणीतरी आधी सांगायला हवे. तिच्या मागे तेव्हा रडायची कारणे काय कमी असतात?

पण केस काही वेळा खरी धोक्याची सूचनाही देतात. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत, माणसांचे केस चार-सहा दिवसांत हातात येऊ लागले. बायका, पुरुष, मुले, सगळ्यांचेच. आधी पाण्यावर संशय गेला, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन रक्त, लघवी, केस तपासले, तेव्हा सेलेनियम नावाचे द्रव्य कितीतरी पटींनी जास्त आढळले. रेशनच्या दुकानातून आलेल्या गव्हातून ते पोटात गेले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुष्कळांचे केस पुढे परत उगवू लागले. पण त्या मधल्या दिवसांत मुली कॉलेजात जायला संकोचल्या, आणि बाहेरची माणसे त्या गावांकडे संशयाने पाहू लागली. दोष त्यांच्या डोक्यात नव्हता, ताटात होता. तेव्हा केस एकदम झुपक्याने गेले, नाण्याएवढे टक्कल पडले, भांग रुंद होत चालला, किंवा केसांबरोबर थकवा आणि पाळीचा त्रास असला, तर तेले बदलत बसू नका. डॉक्टरांकडे जा, रक्तातले लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्यापैकी कितीजणी घरातल्या सगळ्यांना वाढून उरले तर भाजी घेतात? केसाला लोह आणि प्रथिन लागते ते पोटातून, बाटलीतून नव्हे.

वेळ संपत आली, अध्यक्षीणबाई घड्याळाकडे बघत आहेत. कबूल केलेली कृती सांगते आणि खाली बसते. ती कुरळ्या आणि लाटांच्या केसांसाठी आहे. सरळ केसांच्या भगिनींनी ती लेकी-सुनांसाठी न्यावी.

पूर्वी आज्या जास्वंदीची पाने पाण्यात चुरून त्याचा बुळबुळीत चिक न्हाताना केसांना लावत. त्या चिकाने केस निसरडा होतो, कंगवा अडकत नाही, आणि वेटोळी धरून राहतात. तोच गुण जवसात आहे, आपण चटणीला आणतो त्या जवसात. पाव वाटी जवस, भाजायचे नाहीत, दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा, नाही तर तळाला बसतात. आठ-दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे होऊन पळीवरून तार धरून पडू लागेल. तेवढ्यावरच उतरवा, फार आटवू नका. केस धुतल्यावर ओलेच असताना दोन चमचे हातावर घेऊन टोकांकडून वर असे मुठीत दाबत दाबत लावायचे, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस थोडे कडक लागतील, ते हलकेच चुरगाळले की मऊ होतात. उरलेला चिक फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, वास बदलला की टाकून द्यावा. आणि एक महत्त्वाचे. चिक गाळायचा तो पातेले उतरवल्याबरोबर, गरम असतानाच, पातळ मलमलीतून किंवा मोठ्या गाळण्यातून. गार झाल्यावर गाळायला जाल, तर तो फडक्यातून हलायचाच नाही.